राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : आजारपण आणि अखेरचा मुक्काम



गणेशोत्सव आटोपला की पितृपंधरवडा येतो. मग नवरात्र, दसरा, कोजागिरी आणि कोजागिरीनंतर पाच दिवसांनी आश्विन वद्य पंचमी. आपल्यापैकी जी मंडळी विदर्भातून इकडे आली, त्यांना ही तिथी सांगायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ती पुण्यतिथी. अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरीला या दिवसांत मोठी यात्रा भरते. मुख्य दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटे झाली की लाखोंचा समुदाय हात जोडून एकदम शांत होतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळी, याच ठिकाणी महाराजांनी देह ठेवला. त्यांना कर्करोग झाला होता. वय होते अवघे ५९.

महाराजांचे कार्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांच्या आजारपणाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. या रोगाचे नाव घेणेच आपल्याकडे टाळतात, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून यंदा मुद्दाम हा विषय घेतला.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली गावी झाला. वडील बंडोपंत, आई मंजुळाबाई. मुलाचे नाव माणिक. घरची गरिबी. शाळेपेक्षा भजनाची ओढ जास्त. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू, आणि माणिकचा तुकड्या झाला तो त्यांच्याच कृपेने. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांतून त्यांनी साधना केली. पण ते रानात राहिले नाहीत. खंजिरी हातात घेऊन ते गावात आले आणि भजनातून लोकांशी बोलू लागले. अस्पृश्यता, व्यसने, अंधश्रद्धा, गावातली घाण, आपसातली भांडणे हेच त्यांच्या भजनांचे विषय झाले. १९३५ साली नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ साली महात्मा गांधींनी त्यांना बोलावून घेतले आणि सुमारे महिनाभर ते बापूंच्या सहवासात होते.

आता आपल्या रायपूरशी असलेला त्यांचा संबंध. तो आपल्या नव्या पिढीतील फार थोड्यांना ठाऊक आहे.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे मोठा उठाव झाला. महाराजांच्या भजनांनी ही माणसे पेटली, असे इंग्रज सरकारचे मत झाले. २८ ऑगस्टला चंद्रपूर येथे त्यांना अटक करण्यात आली. आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या मध्यवर्ती कारागृहात त्यांना ठेवले. २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका झाली. म्हणजे जवळजवळ शंभर दिवस ते बंदिवासात होते आणि त्यातला काही काळ आपल्या या गावात. तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात, मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्याच काळात रेल्वेत, कचेरीत किंवा शाळेत नोकरी धरून इकडे आले. ज्या जेलच्या बाजूने आपण रोज ये-जा करतो, त्या भिंतींच्या आत खंजिरीवाल्या संताने दिवस काढले, हे लक्षात राहावे.

सुटकेनंतर त्यांचे काम थांबले नाही. श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्या शाखांचा कणा. जात, धर्म, गरीब, श्रीमंत असा भेद न करता सर्वांनी एका रांगेत बसायचे. १९५५ साली ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या. त्याच वर्षी ते जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस गेले. १९५६ साली देशभरातील साधूंना एकत्र आणणाऱ्या भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. १९६२ च्या चिनी आक्रमणात आणि १९६५ च्या युद्धातही ते जवानांना आणि जनतेला धीर देण्यासाठी उभे राहिले.

अशा अखंड भ्रमण करणाऱ्या माणसाला कर्करोगाने गाठले. त्या काळी या रोगावरची साधने आजच्या मानाने फारच थोडी होती. शक्य ते सर्व उपचार झाले. अनुयायांनी प्रयत्नांत कसूर ठेवली नाही. परंतु गुण येईना. शेवटी महाराज होते ते गुरुकुंजातच. स्वतः उभारलेल्या आश्रमात, आपल्या माणसांत.

महाराज संसारी नव्हते. मुलेबाळे नव्हती. आपण ज्याला कुटुंब म्हणतो ते त्यांच्यासाठी सेवामंडळ होते. आश्रमातले कार्यकर्ते, गावोगावचे भजनी, शेतकरी, मजूर हाच त्यांचा परिवार. पस्तीस वर्षे ज्यांना त्यांनी एकत्र बसायला शिकविले, त्यांच्यातच त्यांचा शेवट झाला. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे.

येथे ग्रामगीतेची आठवण होते. सेवेचे सामर्थ्य, गावाचे आरोग्य आणि सामुदायिक प्रार्थना यांवर तिच्यात स्वतंत्र अध्याय आहेत आणि अंत्यसंस्कारावरही एक अध्याय आहे. मरण हा विषय त्यांनी अशुभ म्हणून बाजूला सारला नाही. जन्म, लग्न, सण यांच्याच रांगेत त्याला बसविले आणि त्या प्रसंगीही गावाने एकत्र यावे, डामडौल नसावा, हे मांडले. हे त्यांनी स्वतः आजारी पडण्याच्या तेरा वर्षे आधी लिहिले होते. म्हणून त्यांचे अखेरचे दिवस हे त्यांच्या शिकवणुकीपेक्षा वेगळे काही वाटत नाहीत.

योगायोग असा की महाराज गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १९६७ साली, लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले होते. बरा न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना कमी कराव्यात, त्याला त्याच्या माणसांत ठेवावे, त्याच्या मनाचा आणि श्रद्धेचाही विचार करावा, हे त्यामागचे सूत्र. आपल्या देशात असे पहिले केंद्र, शांती अवेदना, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली निघाले. आज यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मॉर्फिनसारखे वेदनाशामक औषध रुग्णांना मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली. रोग बरा करणे थांबले तरी रुग्णाची काळजी घेणे थांबत नाही, एवढेच त्याचे सार. गुरुकुंजात हॉस्पिस हा शब्द कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण आपल्या जागी, आपल्या माणसांत, प्रार्थनेच्या सान्निध्यात, हे त्यातले अर्धे काम तेथे आधीच होत होते. उरलेले अर्धे, म्हणजे वेदनेवरचे औषध, ते आज आपल्याजवळ आहे.

हे लिहिण्यास एक घरचे कारणही आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींना हाच रोग झाला. आम्ही त्यांच्यापासून नाव लपविले. एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरविले, दागिने मोडले, कर्ज काढले. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवून समजावले की आता यांना घरी न्या, दुखू देऊ नका आणि जवळ बसा. आम्हाला तेव्हा ते हार मानल्यासारखे वाटले. पण घरी आल्यावर वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगितले की आपल्याला सगळे ठाऊक होते, फक्त तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी बोलले नाही. त्यानंतरचे सात आठवडे त्या घरात होत्या. गोळ्या वेळेवर मिळाल्या की झोप लागायची. संध्याकाळी नातवंडे खाटेजवळ बसून आरती म्हणत. टाळ्या वाजविण्याची ताकद गेली तेव्हा त्या बोटांनी चादरीवर ठेका धरीत. लपविण्यात आम्ही जे महिने घालविले, ते आजही बोचतात.

वाचकहो, श्रद्धेने रोग बरा होतो असे येथे म्हणायचे नाही. महाराज स्वतः अंगारे-धुपारे, बुवाबाजी यांच्याविरुद्ध आयुष्यभर गायले. त्यांच्यावरही डॉक्टरी उपचार झाले. तेव्हा गाठ दिसली, जखम भरेना, आवाज बसला तर आधी डॉक्टर गाठावा. पण जेथे औषधाची सीमा येते तेथे माणूस एकटा पडू नये, यासाठी श्रद्धा आणि घर लागते. आणि घर थकले की शेजार लागतो.

महाराजांच्या नावाने नागपुरात कर्करोगाचे रुग्णालय आहे. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात विदर्भाबरोबरच मध्यप्रदेश आणि आपल्या छत्तीसगढमधूनही रुग्ण जातात. २००५ साली नागपूर विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले गेले. विद्यापीठाला नाव मिळणे हा मोठा मान खराच. तरी ज्या रोगाने त्यांना नेले, त्याच रोगाच्या रुग्णांना आसरा देणाऱ्या वास्तूवर त्यांचे नाव असावे, हे स्मारक मनाला अधिक भिडते.

आपल्या मंडळाने या उत्सवात एवढे जरी केले तरी पुष्कळ. ज्या घरात असा रुग्ण असेल तेथे रात्री जागायला दोन मुले पाळीपाळीने जावीत. डबा पोचवावा. नागपूर-मुंबईच्या वारीत तिकिटाची, मुक्कामाची मदत करावी. त्या घरावरून मिरवणूक जाताना ढोल-ताशे जरा थांबवावेत. आणि रुग्णाची इच्छा असेल तर संध्याकाळची एक आरती त्याच्या अंगणात करावी. बाप्पा मंडपातून उठून तेवढ्यापुरते तेथे गेले तर त्यांना राग येणार नाही.

येत्या आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून या महापुरुषाचे स्मरण करू या. एकेकाळी आपल्या गावच्या बंदिशाळेत राहून गेलेल्या या संताला विनम्र अभिवादन.

गणपती बाप्पा मोरया!