सातत्याचा मानकरी जो डिमॅजिओ

बेसबॉलमध्ये दहांपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाजही उत्तम गणला जातो. अशा खेळात जो डिमॅजिओ यांनी १९४१ साली सलग ५६ सामन्यांत, प्रत्येक सामन्यात किमान एक, यशस्वी फटका मारला. हा विक्रम आजही अबाधित आहे. मात्र अशा मालिकांवरून खेळाडूची पारख किती फसवी ठरू शकते, याचा अनुभव त्यांनी उमेदवारीच्या काळातच घेतला होता.

२५ नोव्हेंबर १९१४ रोजी कॅलिफोर्नियातील मार्टिनेझ येथे, सिसिलीहून आलेल्या कोळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या मासेमारीत त्यांचे मन रमले नाही. १९३३ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्को सील्सकडून खेळताना त्यांनी सलग ६१ सामन्यांत फटके साधले आणि मोठ्या संघांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. पुढच्याच वर्षी गुडघा दुखावला आणि बहुतेक गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. न्यूयॉर्क यांकीजचे पारखी बिल एसिक यांचा विश्वास मात्र ढळला नाही. २५ हजार डॉलर आणि पाच खेळाडू या मोबदल्यात सौदा झाला. १९३५ चा हंगाम त्यांनी सील्सकडेच काढला आणि ०.३९८ च्या सरासरीने गुडघ्याविषयीच्या शंका फिटल्या.

पायाला भाजल्यामुळे यांकीजकडून त्यांचे पदार्पण ३ मे १९३६ पर्यंत लांबले. जुलैतील ऑल-स्टार सामन्यात तर त्यांना एकही फटका साधला नाही, शिवाय क्षेत्ररक्षणातही चूक झाली. परंतु एका दिवसाच्या अपयशाने हंगाम झाकोळला नाही. १३८ सामन्यांत २०६ फटके, २९ होमरन आणि ०.३२३ ची सरासरी ही त्या नवोदिताची कमाई होती. उणीव एकच होती. वाईट चेंडू सोडून देण्याचा संयम कमी असल्याने चार चुकीच्या चेंडूंवर पहिला बेस मिळण्याचे प्रसंग केवळ २४ आले. १९४१ मध्ये हीच संख्या ७६ वर गेली, तर तीन स्ट्राइकवर बाद होण्याचे प्रसंग ३९ वरून १३ वर आले. विक्रमी मालिकेमागे पाच वर्षांची ही मेहनत उभी होती.

१७ जुलै १९४१ रोजी क्लीव्हलँड येथे तिसऱ्या बेसवरील केन केल्टनर यांनी दोन जोरदार फटके अडवले आणि मालिका खंडित झाली. त्यानंतर लगेचच डिमॅजिओ यांनी आणखी १६ सामन्यांची मालिका गुंफली.

महायुद्धातील सेवेमुळे त्यांचे तीन हंगाम वाया गेले. तरीही १३ हंगामांत नऊ वर्ल्ड सिरीज विजेतेपदे त्यांच्या वाट्याला आली. १९५१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९५५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्याशी १९५४ मध्ये झालेला विवाह वर्षभरही टिकला नाही. ८ मार्च १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. नवोदिताची किंमत एका मालिकेने वाढवू नये आणि एका दुखापतीने घटवू नये, हा त्यांच्या कारकिर्दीचा धडा आजच्या निवड समित्यांनीही ध्यानी घ्यावा असा आहे.