डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधेची मुळी



गप्प बसणाऱ्या, अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या मुलाला आपण चटकन आळशी ठरवतो. ते नैराश्यही असू शकते. हिंदी पुस्तकांत त्याला अवसाद म्हणतात. त्याचा मेंदूशी काय संबंध, याचा शोध ज्या वनस्पतीमुळे लागू लागला, तिची जगाला ओळख करून देणाऱ्या डॉक्टरांचा परिचय या अंकात देत आहोत.

डॉ. वकील १९११ साली जन्मले. लंडनला शिकून ते मुंबईस आले व के.ई.एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. सर्पगंधा वैद्य-हकिमांना जुनी ठाऊक. (आपल्या बुऱ्हाणपुरात आयुर्वेद व युनानी दोन्ही महाविद्यालये आहेत, तेव्हा हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. मात्र घरी मुळी उगाळून कोणी देऊ नये.) १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा गुण नोंदविला होता, पण जगाने दखल घेतली नाही. वकील साहेबांनी ५० रोग्यांचा रक्तदाब वेळोवेळी मोजला आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. आमच्या मते त्यांचे मोठेपण या चिकाटीत आहे. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार व १९५८ साली पद्मभूषण त्यांना मिळाले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरे, पण काही रोगी उदास होऊ लागले. मेंदूच्या पेशी सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन अशा रसायनांनी एकमेकींना निरोप देतात. रिसर्पिन त्यांचा साठा रिकामा करते, असे आढळले. उलट क्षयाच्या इप्रोनियाझिड या औषधाने रोगी उल्हसित होत, कारण ते हीच रसायने टिकवून धरी. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी ते एक ठरले.

रसायन कमी झाले की नैराश्य, इतके हे सोपे नाही, असे आज शास्त्रज्ञ मानतात. रिसर्पिनने खरेच नैराश्य येते का, यावरही वाद आहे. औषधाने रसायने लवकर वाढतात, पण बरे वाटायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात मेंदूतील पेशींच्या जोडण्या बदलत असाव्यात. दुःख, ताण, आनुवंशिकता यांचाही वाटा असतो, म्हणून समुपदेशन हाही उपचारच आहे. दहा दिवसांत फरक नाही म्हणून पालक गोळ्या बंद करतात, हे आम्हास फार खटकते.

डॉ. वकील १९७४ साली निवर्तले. रिसर्पिन आता क्वचितच दिले जाते. शासनाची टेली मानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. हा क्रमांक सूचना फलकावर लावला आहे.