माळावर वसलेले कुटुंब

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म इ. स. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर येथे झाला. बेळगावातील कारखाना हलविणे प्राप्त झाले, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांस कुंडलजवळील माळ दिला. तेथे निवडुंग माजला होता व सर्पांचा सुळसुळाट होता. इ. स. १९१० साली थोरले बंधू रामूअण्णा, आप्त व कामगार यांसह त्यांनी तेथे वस्ती केली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीने शेतकरी त्यांचा नांगर घेईनात. तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडिला नाही. पुढे तोच नांगर दक्षिणेतील काळ्या रानांत चालू लागला. शिक्षा भोगून आलेल्यांस त्यांनी राखणीचे काम दिले. वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही. इ. स. १९५६ साली ते निवर्तले. टाकाऊ मानिलेली जमीन व टाकाऊ मानिलेली माणसे, दोन्ही त्यांच्या हातून फळास आली.