रुग्णाच्या खाटेपाशी भरलेला वर्ग

बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील वैद्यक विभागाचे पहिले प्रमुख म्हणून डॉ. विल्यम ऑस्लर यांची नेमणूक झाली. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक विद्यार्थी व्याख्याने ऐकूनच डॉक्टर होत. रुग्ण दिसलाच तर सभागृहाच्या मागच्या बाकावरून. १८९३ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय उघडले आणि ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात नेले. खाटेपाशी शिकवण्याची प्रथा युरोपात जुनीच होती. ऑस्लर यांच्या विद्यार्थ्याला मात्र ठरावीक खाटा वाटून दिलेल्या असत. त्याने रुग्णाची हकीकत ऐकायची, रक्त-लघवी स्वतः तपासायची आणि फेरीच्या वेळी सर्वांसमक्ष उत्तरे द्यायची. रुग्णाचे बोलणे नीट ऐकले तर निदानाचा धागा तेथेच सापडतो, यावर त्यांचा भर होता.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १२ जुलै १८४९ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांच्याच मार्गाने जायचे म्हणून शिक्षण सुरू झाले, पण मन वैद्यकाकडे वळले. १८७२ मध्ये मॅकगिल विद्यापीठाची पदवी मिळाली. पुढे मॉन्ट्रियल आणि फिलाडेल्फिया येथे त्यांनी जवळपास हजार शवविच्छेदने केली. रोग शरीरात काय करतो हे त्यांनी असे डोळ्यांनी पाहिले होते. औषधांचे तोकडेपणही त्यांना तिथेच उमगले असावे.

१८९२ च्या त्यांच्या पाठ्यपुस्तकात हा तोकडेपणा आडपडदा न ठेवता मांडलेला आहे. उपचारांवर यांचा विश्वासच नाही, असा आक्षेप त्यामुळे त्यांच्यावर आला. गंमत अशी की, १८९७ मध्ये हेच पुस्तक रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांच्या वाचनात आले. बरे करता न येणाऱ्या रोगांची ती यादी पाहून ते अस्वस्थ झाले. रॉकफेलर यांच्या पैशातून १९०१ मध्ये वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली, तिचे मूळ या वाचनात होते.

औषध नसले तरी डॉक्टरने रुग्णापासून दूर व्हायचे नाही, हे मात्र ऑस्लर यांच्या वागण्यातूनच दिसे. १९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. तेथील एक आठवण सांगितली जाते. डांग्या खोकल्याने बेजार झालेले एक मूल अन्नाला तोंड लावत नव्हते. विद्यापीठाच्या समारंभाला निघालेले ऑस्लर लाल झगा घातलेलेच त्याच्याकडे गेले. त्यांनी एक पीच सोलले, साखर लावली आणि एकेक फोड त्याला भरवली. पुढेही ते रोज येत राहिले आणि दर वेळी दाराबाहेर झगा चढवूनच आत जात. मूल बरे झाले.

स्वतःच्या मुलाच्या वाट्याला असा शेवट आला नाही. ऑस्लर दाम्पत्याचे पहिले मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले होते. दुसरा मुलगा रेव्हिअर ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियमच्या रणभूमीवर जखमी झाला. ऑस्लर यांचे जुने सहकारी, नामवंत शल्यविशारद हार्वे कुशिंग त्याच्याजवळ पोहोचले, शस्त्रक्रियाही झाली. एकविसाव्या वर्षी तो गेला. वडील तेव्हा इंग्लंडमध्ये होते.

न्यूमोनिया आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑस्लर यांचे निधन झाले. आजारपणात ते आपल्याच लक्षणांचा माग घेत होते आणि अखेर कशी होणार, हे त्यांनी ओळखले होते. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅकगिल विद्यापीठाकडे गेला. त्यांच्या अस्थीही तेथेच, त्या पुस्तकांमध्ये ठेवलेल्या आहेत.