गगनविहारिणी ॲमी जॉन्सन

भगिनींनो, स्मरणिकेत एका कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावे, हा आपला शिरस्ता. या खेपेस ते काम माझ्याकडे आले, तेव्हा कोणाविषयी लिहावे याचा मला मुळीच विचार करावा लागला नाही. लेकीकडे लंडनला गेले असताना तेथील सायन्स म्युझियम पाहण्याचा योग आला होता. तिसऱ्या मजल्यावर जुन्या विमानांचे एक मोठे दालन आहे. १९१९ साली अल्कॉक व ब्राऊन यांनी ज्यातून अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला, ते थोरले विमान तेथे आहे. पण माझे पाय खिळले ते वर टांगलेल्या एका हिरव्या, चिमुकल्या विमानाखाली. त्याचे नाव जेसन, आणि त्याची मालकीण ॲमी जॉन्सन.

एकावर एक असे दोन पंख, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, आणि चालकाच्या डोक्यावर छप्परसुद्धा नाही. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघी तीस फूट. एवढ्याशा विमानातून सव्वीस वर्षांची एक मुलगी एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास गेली!

ॲमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडिलांचा मासळीचा व्यापार होता, आणि ती थोरली मुलगी. शेफील्ड विद्यापीठातून तिने अर्थशास्त्र घेऊन पदवी मिळविली आणि लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसभर टंकलेखन करावे आणि सुटीच्या वेळी स्टॅग लेनच्या विमानतळावर उडायला शिकावे, असा तिचा क्रम सुरू झाला. ती काही उपजत कुशल वैमानिक नव्हती. इतरांना लागे त्याहून तिला शिकायला अधिक वेळ लागला. १९२९ च्या जुलैत तिला उड्डाणाचा परवाना मिळाला.

पण मला तिचे विशेष कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. नुसते विमान चालविता येऊन तिचे समाधान झाले नाही. ती यंत्रशाळेत जाऊन मेकॅनिकांच्या हाताखाली राबू लागली. झडपा घासणे, इंजिन खोलणे, पुन्हा जोडणे, ही सारी कामे तेलाने माखलेल्या हातांनी ती शिकली. प्रथम तेथील पुरुषांना तिचे येणे रुचले नाही. पण लवकरच त्यांनी तिला आपल्यातले मानले आणि जॉनी असे टोपणनावही ठेवले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळविला. हा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली स्त्री होय.

मग तिने ऑस्ट्रेलियाचा ध्यास घेतला. तोवर तिची सर्वांत लांबची भरारी म्हणजे लंडनहून माहेरी हलपर्यंत! पैशासाठी तिने अनेकांचे उंबरे झिजविले. शेवटी निम्मी रक्कम वडिलांनी व निम्मी तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी दिली, आणि सहाशे पौंडांना हे वापरलेले जिप्सी मॉथ विमान आले. वडिलांच्या मालावर जेसन ही छाप असे. तेच नाव लेकीने विमानाला दिले.

५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून ती निघाली. बगदादच्या वाटेवर वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. चाकांना सामानाची ओट लावून, इंजिन झाकून, हाती पिस्तूल घेऊन ती वादळ शमेपर्यंत विमानापाशी बसून राहिली. सहाव्या दिवशी ती कराचीस पोचली, तेव्हा इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास तिने तोवरच्या विक्रमापेक्षा दोन दिवस आधी पुरा केला होता. आता जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचे नाव झळकू लागले.

कराचीहून अलाहाबादला जाताना पेट्रोल संपत आले आणि तिला वाटेतच उतरावे लागले. कोठे, तर झाशीस! लष्करी कवायतीच्या मैदानावर विमान टेकले, घसरत बराकींपर्यंत गेले आणि पंखाला इजा झाली. तेथल्या सुताराने तो पंख दुरुस्त करून दिला. आपल्या मराठी माणसांना झाशी म्हटले की घोड्यावर बसलेली राणी लक्ष्मीबाई दिसते. त्याच झाशीत ही परदेशची पोर लाकडी वारूवर बसून यावी, हे वाचून माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले.

पुढे रंगूनजवळ पावसात तिची वाट चुकली. इन्सीन येथील तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर ती उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. पंख मोडला, पंखा निकामी झाला. तंत्रशाळेतल्या मंडळींनी पंख सांधून दिला, पण तीन दिवस गेले आणि विक्रम हातचा निसटला. जावा बेटावर बांबूच्या खुंट्यांनी पंखाचे कापड फाटले, तेव्हा तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांनी ते डकविले. शेवटी तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटी उडत जाणारी ती पहिली स्त्री ठरली.

हिंकलर यांनी १९२८ साली हा पल्ला साडेपंधरा दिवसांत गाठला होता. हिला साडेएकोणीस लागले. स्वतःच्या मते ती हरली होती. जगाने मात्र तिला डोक्यावर घेतले. तिच्यावर गाणी रचली गेली, राजाने मानाचा किताब दिला. पण गर्दीचे ते प्रेम तिला पेलवेना. लवकरच तिची प्रकृती ढासळली.

पुढची वर्षे चढउतारांची गेली. १९३२ साली तिने जिम मॉलिसन या वैमानिकाशी विवाह केला, आणि त्याच वर्षी केपटाउनच्या एकट्या प्रवासात त्याचाच विक्रम मोडला! १९३३ साली दोघांनी मिळून अटलांटिक ओलांडला, पण अमेरिकेत उतरताना विमान कोसळून दोघेही जखमी झाले. हा संसार टिकला नाही. १९३८ साली घटस्फोट झाला. या साऱ्या धामधुमीत स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपदही तिने भूषविले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० साली ती कारखान्यांतून विमानतळांवर विमाने पोचविणाऱ्या दलात दाखल झाली. जगप्रसिद्ध बाई, पण काम हमालीचे आणि वेतन पुरुषांहून कमी. त्या दलातील स्त्रियांना बरोबरीचे वेतन १९४३ साली मिळाले. ते पाहायला ॲमी उरली नव्हती. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत एक विमान घेऊन ती ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डकडे निघाली, आणि कित्येक मैल दूर टेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. हॅसलमिअर या नौकेने तिला वाचविण्याचा प्रयत्न केला. नौकेचे कप्तान फ्लेचर यांनी गोठलेल्या पाण्यात उडी घेतली, त्यात त्यांचाही अंत झाला. ॲमीचा देह सापडला नाही. वय अवघे सदतीस.

जेसनखाली उभी असताना मला एका गोष्टीची लाज वाटत होती, ती येथे कबूल करते. माझी नात विमानदुरुस्तीचे शिक्षण घेऊ म्हणत होती, आणि मुलीच्या जातीने तेलकट हातांची कामे कशाला करावीत, असे म्हणून मीच तिला अडविले होते. ॲमी वाळवंटातून आणि चिखलातून वाट काढीत गेली ती केवळ धाडसावर नव्हे. आपल्या यंत्राचा खिळा न् खिळा तिला ठाऊक होता, आणि जेथे स्वतःचे हात पुरे पडले नाहीत तेथे झाशीच्या सुताराचे व इन्सीनच्या मंडळींचे हात लागले. ज्या कौशल्यावर तिचा जीव तोलला होता, त्याला मी हलके काम समजले!

घरी परतल्यावर मी नातीला जवळ बसवून तिची क्षमा मागितली आणि प्रवेशाच्या पहिल्या हप्त्याचे पैसे माझ्या हाताने दिले. ॲमीच्या वडिलांनी निम्मे विमान दिले होते. मला निदान एवढे तरी करता आले. आपल्या घरची एखादी मुलगी असे काही वेगळे मागू लागली, तर भगिनींनो, नाही म्हणण्यापूर्वी त्या हिरव्या विमानाची आठवण ठेवा, एवढीच विनंती.