रोख्याच्या मागे पाहणारा न्यायाधीश

बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावरील पीण्या औद्योगिक क्षेत्र 1970च्या दशकात आकाराला आले. आज ते आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक समजले जाते. लेथ, प्रेस, फौंड्री, पॅकिंग अशा हजारो छोट्या कारखान्यांची ही वसाहत आहे. भारतीय मानक ब्युरोचे बंगळुरू शाखा कार्यालयही याच भागात आहे. त्यामुळे येथे तयार होणाऱ्या मालावर मानकचिन्ह आहे की नाही, हे पाहणारी यंत्रणा हाकेच्या अंतरावर असते. मात्र तोच माल घडवणारा कंत्राटी कामगार ज्या कर्जाच्या कागदावर सही करतो, त्या कागदाची पारख कोण करते? शासकीय सेवेत असताना अशा तक्रारींच्या कितीतरी नस्त्या माझ्यासमोर आल्या. बहुतेकांत कर्जदाराकडे कराराची प्रतच नसे. सही त्याचीच आहे एवढे सिद्ध झाले, की बाकीचे प्रश्न आपोआप मिटल्याचे गृहीत धरले जाई.

सही खरी ठरली म्हणजे न्याय झाला का, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी दख्खनच्या न्यायालयांपुढे उभा होता. त्याचे उत्तर न्यायासनावरून शोधणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे यांचे नाव अग्रभागी येते. समाजसुधारक, प्रार्थना समाजाचे धुरीण, मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचे इतिहासकार म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मीही त्यांना प्रथम त्याच रूपात ओळखले. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर मात्र मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटू लागले. ते म्हणजे तालुक्यातालुक्यांतील न्यायालयांची दप्तरे तपासत फिरणाऱ्या न्यायाधीशाचे काम.

रानडे यांचा जन्म 18 जानेवारी 1842 रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. 1862 मध्ये बी.ए. आणि 1866 मध्ये एलएल.बी. झाल्यावर त्यांनी काही काळ संस्थानांत नोकरी केली, एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले आणि 1871 मध्ये ते पुण्यास प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. तेव्हा सार्वजनिक सभा स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे सभेचा चेहरा होते. तिच्या अर्जांमागचा आणि अहवालांमागचा अभ्यास बव्हंशी रानडे यांचा असे. सरकारी नोकराने सरकारच्या धोरणाची चिकित्सा करावी की नाही, हा पेच मला माझ्या सेवाकाळात अपरिचित नव्हता. रानडे यांनी त्यातून काढलेली वाट साधी होती. आरोपापेक्षा आकडे मांडायचे आणि जे मांडायचे ते सरकारला उत्तर द्यावे लागेल अशा रीतीने मांडायचे.

त्याच सुमारास दख्खनचा शेतकरी कर्जात बुडत होता. 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोच्या हितासाठी केलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटाच झाला. मुदत संपण्याआधी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. दावा दाखल झाला की तो बहुधा न्यायालयात हजरच नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई. न्यायालयापुढे रोखा होता, निशाणी होती, साक्षीदार होते. व्यवहार कसा वाढत गेला हे विचारण्याची गरज कायद्याला वाटत नव्हती. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे हुडकून जाळण्यात आले. न्यायव्यवस्थेविरुद्ध एवढी स्पष्ट तक्रार क्वचितच नोंदवली गेली असेल.

चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत आले. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार दिला. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच ठरवले. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासायचा, मुद्दल व व्याज वेगळे मांडायचे आणि मगच देणे ठरवायचे. पैशाच्या कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, मागितल्यास खातेपुस्तक द्यावे, अशीही तरतूद झाली. ग्राहक संरक्षण हा शब्द रूढ होण्याच्या शतकभर आधी त्याचा गाभा येथे लिहिला गेला होता.

याच वर्षी रानडे स्वतः संशयाच्या छायेत होते. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार धास्तावलेले होते. सार्वजनिक सभेशी जवळीक असलेल्या या न्यायाधीशाची 1878 मध्ये नाशिकला आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला बदली झाली. त्यांच्या टपालावरही नजर ठेवली गेली. रानडे यांनी ना राजीनामा दिला, ना कामात कसूर केली. दोन वर्षांनी, 1881 मध्ये, त्याच सरकारने त्यांना नव्या कायद्याखालील विशेष न्यायाधीशांचे साहाय्यक नेमले आणि 1887 मध्ये विशेष न्यायाधीश केले.

हे पद मला आजही विचार करायला लावते. कायदा करून सरकार थांबले नव्हते. तो प्रत्यक्षात कसा राबवला जातो हे पाहण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकारी होता. त्याने दौरे करायचे, मुनसफांच्या न्यायालयांची दप्तरे तपासायची, चुकीचे निवाडे दुरुस्त करायचे आणि कायद्याच्या अंमलाचा वार्षिक अहवाल सरकारला सादर करायचा. रानडे वर्षातील बराच काळ असे फिरत असत. रमाबाईंच्या आठवणींत या दौऱ्यांचे दर्शन घडते. कनिष्ठ न्यायालय म्हणजे सामान्य माणसाला भेटणारे खरे सरकार, हे त्यांनी अशा प्रवासांत जाणले.

रानडे या कायद्याचे आंधळे भक्त नव्हते. सावकाराला रोखून शेतकऱ्याची पतीची गरज संपत नाही, हे ते जाणून होते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती; भारत सरकार तिला अनुकूल होते, पण लंडनने ती फेटाळली. रानडे यांनीही स्वस्त आणि संघटित पतपुरवठ्याचा आग्रह धरला. शेतीवरचा भार हलका करायचा तर कारखानदारी वाढली पाहिजे, म्हणून 1890 मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पीण्यासारखी वसाहत त्यांना आवडली असती. मात्र तेथील कामगाराचा कर्जाचा कागद त्यांनी आधी मागून घेतला असता. 1893 मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 16 जानेवारी 1901 रोजी त्याच पदावर असताना त्यांचे निधन झाले.

आता आपल्या काळाकडे पाहू. 1986च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा 2019च्या कायद्याने घेतली. तक्रार शक्यतो तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली निघावी, असे त्यात लिहिले आहे. तरीही 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन राज्यांना ग्राहक आयोगांतील रिकामी पदे भरण्याचे आदेश द्यावे लागले. मुदत कायद्यात आणि खुर्ची रिकामी, अशी ही अवस्था होती. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या कर्जांसाठी व्याज व शुल्क एकत्र दाखवणारे विवरणपत्र सक्तीचे केले. ही 1879च्या हिशेबाचीच आधुनिक आवृत्ती आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकाने सूक्ष्म कर्जाच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. राज्यपालांनी आधी तो परत पाठवला होता. शिक्षा प्रमाणाबाहेर आहे, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता.

शिक्षेच्या वर्षांवर झालेली ही चर्चा मला अपुरी वाटते. अध्यादेश निघाल्यावर किती तक्रारी आल्या, किती प्रकरणांत कर्जाचा उगमापासून हिशेब तपासला गेला, किती जणांना दिलासा मिळाला आणि किती अर्ज नुसते पडून राहिले, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे आणि लोकांपुढे ठेवण्याचे बंधन सरकारवर असले पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगांनाही तेच लागू व्हावे. त्यासाठी नवे खाते नको. जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन दप्तर उघडण्याचा अधिकार असलेला एक ज्येष्ठ न्यायाधिकारी पुरे. परकीय सरकारने, स्वतःच्या सोयीसाठी का होईना, चार जिल्ह्यांसाठी जे केले ते लोकनियुक्त सरकारला जड जाऊ नये.

दख्खनच्या शेतकऱ्याने रोखे जाळले, कारण ते वाचून पाहणारे न्यायालय त्याला भेटले नव्हते. पीण्यातील कामगाराचा रोखा आता मोबाइलमध्ये असतो. तो जाळताही येत नाही. तो वाचण्याची जबाबदारी म्हणूनच शासनाची आहे, आणि ती पार पाडल्याचा हिशेब दर वर्षी मागण्याची जबाबदारी आपली.