सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : कावेरी, वीज आणि एक कोरा रकाना

भारतीय आत्मचरित्रांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी संतांची, सुधारकांची, राजकीय पुढाऱ्यांची आणि अलीकडच्या काळात दलितांची व स्त्रियांची आत्मकथने बारकाईने वाचली आहेत. अभियंत्यांची आत्मकथने मात्र या परिघात क्वचितच येतात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे ‘मेमॉयर्स ऑफ माय वर्किंग लाइफ’ हे १९५१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक त्यांपैकीच एक होय. पुस्तकाचे नावच लेखकाचा करार सांगून मोकळे होते. हे जीवनाचे नव्हे, कामाचे कथन आहे. घर, आप्तेष्ट, श्रद्धा, आजार, पश्चात्ताप यांना त्यात जवळजवळ स्थान नाही. आहेत त्या नद्या, योजना, खर्चाचे अंदाज आणि मुदती. साहित्याच्या अभ्यासकाला हे रुक्ष वाटेल. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याचा हिशेब मांडला, त्याने स्वतःचा हिशेबही त्याच वहीत मांडावा यात विसंगती नाही. त्या वहीत काय नोंदले गेले आणि काय राहिले, हे पाहिल्याखेरीज या चरित्राचे मोल ठरविता येत नाही.

विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. तारीख १५ सप्टेंबर. वर्षाच्या नोंदी १८६० आणि १८६१ अशा दोन्ही आढळतात. मोक्षगुंडम हे घराण्याचे मूळ गाव आंध्रातले. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घराण्याची भाषा तेलुगू, मुलुखाची कन्नड, वडिलांच्या विद्येची संस्कृत, पुढे नोकरीच्या प्रदेशातली मराठी आणि लेखनाची इंग्रजी असा पाच भाषांचा संगम एका माणसात झाला होता. तरीही भाषा हा त्यांच्या चिंतनाचा विषय झाल्याचे दिसत नाही. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला शिकवण्या करीत त्यांनी सेंट्रल कॉलेजातून १८८१ साली बी. ए. केले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकावयास आले. १८८३ च्या परीक्षेत पहिला क्रमांक आला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिले ठिकाण नाशिक.

येथून पुढची चोवीस वर्षे मुंबई इलाख्याची, आणि त्यांतला मोठा भाग महाराष्ट्राचा आहे. कन्नड चरित्रकारांना म्हैसूरला पोहोचण्याची घाई असल्यामुळे की काय, हा कालखंड बहुधा भरभर उरकला जातो. माझ्या मते त्यांच्या विचाराची बैठक येथेच घडली. नोकरीच्या आरंभी त्यांना धुळ्याकडे पांझरा नदीवर, दातर्ती येथे, नळाने पाणी नदीपार नेण्याचे काम मिळाले. पावसाळ्यातील पुराने आणि गाळाने हे काम जेरीस आणले, तरी ते त्यांनी तडीस नेले. पण पांझरेच्या काठी आणखी एक गोष्ट होती. या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धत चालत आली होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि कोणत्या वर्षी कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे याचा गावाने मिळून केलेला निर्णय. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाणी फोडावयाचे नाही. पुढे १८९९ च्या सुमारास पुणे भागातील कालव्यांसाठी विश्वेश्वरय्यांनी जी ब्लॉक पद्धत सुचविली, तिच्यात आणि या फडांत जे साम्य आहे ते नजरेत भरते. कालव्याखालील जमिनीचे गट पाडावेत, गटात ऊस, भात आणि कमी पाण्याची पिके यांचे प्रमाण ठरवावे, आलटून पालटून ती घ्यावीत, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्या उसाने सारे पाणी न पिता ते शेवटच्या गावांपर्यंत पोहोचेल, असा तिचा आशय होता. फरक एवढाच की फडाचा निर्णय गावकी करीत असे, ब्लॉकचा सरकारी खाते. हा फरक लहान नाही. पुढच्या साऱ्या चरित्राची चुणूक त्यात आहे.

पुण्याच्या वास्तव्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळाशी त्यांचा निकटचा संबंध आला. दारिद्र्याचे कारण दैवात नसून उत्पादनात आहे, ही रानड्यांच्या अर्थविचारातील धारणा विश्वेश्वरय्यांनी जन्मभर बाळगली. १८९८ मध्ये ते जपानला जाऊन आले आणि ती धारणा अधिक पक्की झाली. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी बसविलेली स्वयंचलित दारे याच काळातली, १९०३ ची. जलाशयातले पाणी ठरावीक पातळीवर येईपर्यंत दार बंद राहते. त्यावर चढले की आपोआप उघडते आणि पूर ओसरला की पुन्हा मिटते. धरणाची भिंत न वाढविता सुमारे ८ फूट अधिक पाणी साठविण्याची सोय त्यांनी केली. पुढे ग्वाल्हेरजवळ तिगरा येथे आणि कावेरीवरही अशी दारे बसली. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटून खडकवासल्याचे धरण वाहून गेले, तेव्हा या दारांचा कर्ता बंगळूरला हयात होता.

मुख्य अभियंत्याचे पद युरोपियनांसाठीच राखलेले आहे हे ओळखून १९०८ मध्ये त्यांनी मुंबईची नोकरी सोडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले होते. तेथील पूरनियंत्रणाची योजना आखून ते नोव्हेंबर १९०९ मध्ये म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले.

म्हैसुरात वीज त्यांच्या आधीच आली होती. दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने आणि द लोत्बिनियेर या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यानुसार शिवनसमुद्राच्या धबधब्यावर वीजकेंद्र उभे राहिले. ते १९०२ मध्ये सुरू झाले तेव्हा शेषाद्री अय्यर हयात नव्हते. ही वीज सुमारे ९२ मैलांच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात असे. एवढ्या दूर वीज नेणे त्या काळी जगातही मोठे धाडस होते. खाणी ब्रिटिश कंपन्यांच्या, यंत्रे अमेरिकेची, नदी म्हैसूरची. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०५ मध्ये. बंगळूरकरांना या दिव्यांचा मोठा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण या प्रकाशाचे मूळ ग्राहक नागरिक नव्हते, सोन्याच्या खाणी होत्या, हे ध्यानात ठेवावे लागते.

या व्यवस्थेत एक उणीव होती. धबधबा उन्हाळ्यात रोडावत असे आणि खाणींची मागणी तर वाढत होती. वाढत्या मागणीला आणखी यंत्रे हे उत्तर नव्हते. यंत्रांना बारमाही पाणी हे होते. विश्वेश्वरय्यांनी कावेरी, हेमावती आणि लक्ष्मणतीर्थ यांच्या संगमाखाली, म्हैसूर शहराच्या वायव्येस कन्नंबाडी येथे धरण सुचविले. धरणाच्या कथेतील हा मर्माचा भाग पुष्कळदा निसटतो. कन्नंबाडीचे धरण उभे राहिले ते स्वतःच्या पायथ्याशी वीज निर्माण करण्यासाठी नव्हे. पावसाळ्याचे पाणी अडवून ते उन्हाळ्यात मोजून सोडावयाचे, म्हणजे कितीतरी मैल खाली शिवनसमुद्राची चाके फिरत राहतील. आणि विजेच्या उत्पन्नातून पुढे शेतीच्या पाण्याचा खर्च निघेल. हा साखळीचा हिशेब होता. अर्थखात्याला तो पटला नाही. महाराज कृष्णराज वडियार यांनी काही काळ निर्णय राखून ठेवला आणि अखेर १९११ मध्ये संमती दिली.

मग मद्रास सरकार आडवे आले. खालच्या अंगाला तंजावरची जुनी भातशेती होती आणि मद्रासला मेट्टूर येथे स्वतःचे धरण बांधावयाचे होते. म्हैसूरला आरंभी सुमारे ८० फूट उंचीचीच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी ती मान्य केली, पण पाया मात्र संपूर्ण उंचीच्या धरणाला पुरेल एवढा रुंद घातला. मला हा त्यांच्या स्वभावाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. कायद्याचे अक्षर पाळावे आणि भविष्य पायात गाडून ठेवावे. सिमेंट परदेशी आणि महाग, म्हणून चुना व विटांची भुकटी यांची सुर्की वापरली. खाणींना वाढीव वीज मुदतीत द्यावयाची असल्याने हिवतापाच्या त्या मुलखात हजारो मजूर रात्रीही दिव्यांच्या उजेडात राबले. १९१४ चा लवादाचा निवाडा म्हैसूरच्या बाजूने लागला, मद्रासने तो मानला नाही, आणि समझोता झाला तो १९२४ मध्ये. त्यानंतर पूर्ण उंचीची, सुमारे १३० फुटांची भिंत १९३० च्या दशकाच्या आरंभी पुरी झाली. तिला महाराजांचे नाव मिळाले : कृष्णराजसागर. याच जागी धरण बांधण्याचा संकल्प टिपू सुलतानाने १७९४ मध्ये केल्याचा फारसी शिलालेख खोदकामात मिळाला, तो तेथे लावलेला आहे.

जलाशयात जुने कन्नंबाडी गाव गेले. होयसळकालीन वेणुगोपालस्वामींचे मंदिर गेले. दुष्काळाच्या वर्षी पाणी उतरले की मंदिराचे दगड वर येत. अलीकडे ते मंदिर उचलून जलाशयाच्या काठी पुन्हा उभारण्यात आले आहे. दगडांना पुनर्वसन मिळाले. माणसांचे काय झाले, हे विश्वेश्वरय्यांच्या विपुल चरित्रवाङ्मयात शोधू लागले तर हाती फारसे लागत नाही. येथे मराठी वाचकाला मुळशी आठवल्यावाचून राहत नाही. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी मुळशी खोऱ्यात धरण होऊ लागले तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तो हरला, पण त्याने मराठीत एक भाषा निर्माण केली. जमिनीची किंमत पैशात होत नाही हे म्हणण्याची भाषा. मुळशीत एक कंपनी होती आणि मागे परकीय सरकार. विरोधाला तोंड होते. कन्नंबाडीत महाराज आपले, दिवाण आपले, अभियंता आपला. प्रगती आपल्याच माणसाच्या हाताने येते तेव्हा बुडणाऱ्याला कोणाविरुद्ध बोलावे हे कळत नाही. पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजणाऱ्या हिशेबात हा एक रकाना कोरा राहिला.

दिवाण म्हणून त्यांची कारकीर्द १९१२ ते १९१८ ची. म्हैसूर बँक, चंदनतेलाचा कारखाना, भद्रावतीच्या लोहकारखान्याचा आरंभ हे सारे सर्वपरिचित आहे. भाषांच्या अभ्यासकाला अधिक जवळच्या दोन गोष्टी म्हणजे १९१५ मध्ये बंगळुरात स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद आणि १९१६ चे म्हैसूर विद्यापीठ. ज्यांच्या आत्मकथनात साहित्याला जागा नाही, त्यांच्या राजवटीत साहित्याची घरे बांधली गेली. मात्र ही राजवट संपली ती एका मूलभूत मतभेदावर. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना योग्य वाटा मिळावा, ही मागणी महाराजांनी उचलून धरली आणि १९१८ मध्ये न्यायाधीश लेस्ली मिलर यांची समिती नेमली. कार्यक्षमता हाच एकमेव निकष मानणाऱ्या विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हते. त्यांनी पद सोडले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या त्या १९०२ मध्ये, म्हणजे शिवनसमुद्राची वीज सुरू झाली त्याच वर्षी. गरीब पंडिताच्या घरातून शिष्यवृत्तीच्या बळावर वर आलेल्या माणसाने संधीचे वाटप नाकारावे, हे आज खटकते. पाण्याच्या बाबतीत त्यांची भूमिका नेमकी उलट होती. कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याने सारे पिऊ नये म्हणून त्यांनी ब्लॉक पाडले. नोकरशाहीच्या तोंडाशी कोण बसले आहे, हे मात्र त्यांना दिसले नाही, किंवा दिसूनही ते त्यांच्या गणितात बसले नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पद सोडतानाही त्यांनी आपला हिशेब चोख ठेवला असणार.

नंतरची चार दशके व्याप मोठा होता. १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ, टाटा पोलाद कंपनीचे संचालकपद, नव्वदी ओलांडल्यावर गंगेवरील मोकामा पुलाच्या जागेविषयी सल्ला, आणि १९५५ मध्ये भारतरत्न. कृष्णराजसागराच्या ज्या कालव्याने मंड्याचा कोरडा मुलूख उसाचा झाला, त्याचे आयर्विन हे नाव जाऊन विश्वेश्वरय्या हे नाव आले. उसाला आवर घालण्यासाठी ज्यांनी पुण्याकडे पद्धत बसविली, त्यांच्या नावाच्या कालव्यावर उसाचे राज्य झाले. दंतकथाही रूढ झाल्या; सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती आणि खाजगी वाचनाला स्वतःची, ही त्यांपैकी एक. ती इतरही अनेक सत्पुरुषांच्या नावावर सांगितली जाते. डी. व्ही. गुंडप्पांनी कन्नडमध्ये रेखाटलेल्या व्यक्तिचित्रांत मात्र या हिशेबी माणसाची ऊब जाणवते, आणि अनुवादकांनी तिकडे लक्ष द्यावयास हवे.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. समाधी मुद्देनहळ्ळीला आहे. १९२४ च्या कराराची पन्नास वर्षे १९७४ मध्ये संपली आणि कावेरीचा तंटा नव्याने पेटला. लवाद १९९० मध्ये नेमला गेला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये लागला, आणि त्यात बंगळूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा वाटा धरण्यात आला. त्या १९७४ सालीच कावेरीचे पाणी नळाने बंगळूर शहरात आले होते. ते शिवनसमुद्राच्या परिसरातून उचलले जाते आणि सुमारे १०० किलोमीटर अंतर व जवळजवळ ५०० मीटरचा चढ विजेच्या पंपांनी चढून येते.